तेलाची बखर आणि तेलाची कादंबरी

दिवाळीच्या अंकात तेलावर लेख म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे पणती येणार, अभ्यंगाची वाटी येणार, कढईतल्या चकलीचा वास येणार. ते योग्यच आहे. मराठी मनाने तेल ओळखले ते असेच : घाण्यावरचे, देवापुढचे, शनिवारी मारुतीला वाहावयाचे. परंतु ज्या दुसऱ्या तेलाने गेल्या दीडशे वर्षांत राज्ये उभी केली, राज्ये मोडली, आणि ज्याच्या भावाबरोबर आपल्या एस. टी.चे भाडे नि भाजीची किंमत वरखाली होते, ते भूगर्भातले तेल आपल्या साहित्याच्या माजघरात अजून आलेले नाही. हे तेल, ते काढणाऱ्या बलाढ्य कंपन्या आणि ज्यांच्या पायांखाली ते सापडले ती साधी माणसे, ह्या तिघांचे नाते हा आपल्या काळातला एक फार मोठा साहित्यविषय आहे, असे माझे मत आहे. तो इतरांनी कसा हाताळला आणि आपण कसा हाताळला, हे येथे पाहावयाचे आहे.

धरणगावी बसून हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. आमच्या गावाचे तेल म्हणजे शेंगदाण्याचे आणि सरकीचे. पण 'कंपनी' हा शब्द आम्हांला नवा नाही. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची वखार ह्या गावी होती. आमच्या मातीतला माल, परक्यांचा तराजू आणि सातासमुद्रांपलीकडे ठरणारा भाव, हे त्रैराशिक खानदेशाने कापसावर शिकून घेतले आहे. शिवाय दुसरे एक नाते आहे. आमच्या शिवारांचे पाणी घेऊन तापी पश्चिमेस जाते आणि सुरतेजवळ समुद्रास मिळते. त्या बाजूच्या समुद्रात, मुंबईच्या वायव्येस, जे वायुक्षेत्र सापडले त्याला नाव मिळाले ते तापीचेच : मध्य तापी आणि दक्षिण तापी. आमच्या नदीचे नाव करारांच्या कागदांवर, लवादाच्या फायलींत आणि परदेशी कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे छापले गेले. तापीकाठच्या किती घरांना ते ठाऊक आहे?

आणखी एक योगायोग सांगतो. आसामात डिग्बोईला तेलाची विहीर लागली ती १८८९ साली, आणि आमच्या धरणगावी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, जन्मले ते १८९० साली. भारतातले खनिज तेल आणि मराठीतली नवी निसर्गकविता ही अशी जवळजवळ एका वयाची भावंडे. पण दोघांची कधी ओळख झाली नाही. मराठीने औदुंबर पाहिला, निर्झर पाहिला. बहिणाबाईंनी मोट आणि घरोट पाहिला. नारायण सुर्व्यांनी कारखान्याचे भोंगे ऐकले. तेलाची विहीर मात्र आपल्या भाषेच्या कुंपणाबाहेरच राहिली.

एका अर्थी हे खरे नाही. तेल आपल्या भाषेत आले, पण शब्द होऊन आले, अनुभव होऊन आले नाही. 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले, 'गॅसलाइट'चे 'घासलेट' केले. कंपनीचा चौकोनी डबा घरात आला. तेल संपल्यावर त्यात धान्य भरले, पाणी तापवले, त्याचा पत्रा कापून छपराला लावला. इतका तो पदार्थ आपल्या संसारात मुरला. परंतु तो येतो कोठून आणि त्याचा पैसा जातो कोठे, हे विचारावेसे कोणा लेखकाला वाटले नाही. हिंदीत तर एके काळी हलक्या, वाह्यात लेखनाला 'घासलेटी साहित्य' म्हणण्याची टूम निघाली होती. तुपाला प्रतिष्ठा, घासलेटाला नाक मुरडणे! साहित्यिकांच्या अभिरुचीत जातिभेद असतो तो असा पदार्थांपर्यंत पोहोचलेला असतो.

ही कोंडी मराठीत फोडली ती कथाकारांनी नव्हे, पत्रकाराने. गिरीश कुबेर ह्यांचे 'हा तेल नावाचा इतिहास आहे' आणि त्यानंतरचे 'एका तेलियाने' ही पुस्तके ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मराठी वाचकाच्या हाती आली, आणि त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. पहिल्यात तेलाच्या धंद्याची, त्यातल्या बड्या कंपन्यांची आणि त्यांच्यामागून चालणाऱ्या राजकारणाची कथा आहे. दुसरे पुस्तक सौदी अरेबियाचे तेलमंत्री अहमद झाकी यामानी ह्यांच्यावरचे आहे. १९६२ पासून १९८६ पर्यंत हे गृहस्थ त्या पदावर होते. १९७३ साली अरबांनी तेल रोखून धरले तेव्हा जगाचे डोळे त्यांच्याकडे लागलेले होते, आणि १९७५ च्या डिसेंबरात व्हिएन्नात तेलमंत्र्यांना ओलीस धरण्यात आले त्यांतही ते होते. अशा पुरुषाला 'तेलिया' म्हणण्यात लेखकाने मोठे मार्मिक धारिष्ट दाखवले आहे. आपल्या कानाला तेली म्हटले की डोळ्यांवर झापड बांधलेला बैल आणि करकरणारा घाणा आठवतो. येथे घाण्याला सारे जग जुंपलेले आहे.

ह्या पुस्तकांचे मोल मी कमी मानीत नाही. अवघड विषय घरातल्या भाषेत सांगणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि मराठीत ती क्वचितच घडते. परंतु त्यांचा घाट कोणता, हे टीकाकाराने सांगितले पाहिजे. तो घाट बखरीचा आहे. बखरीत राजे असतात, मुत्सद्दी असतात, तह असतात, फितुरी असते. वाचताना श्वास रोधला जातो. रयत मात्र त्यांत लांबून, धूळ उडावी तशी दिसते. तेलाच्या बखरीत रॉकफेलर येतो, इब्न सौद येतो, अध्यक्ष आणि पंतप्रधान येतात; ज्याच्या विहिरीचे पाणी आटले आणि ज्याच्या खजुरीची झाडे उपटली गेली तो येत नाही. हा लेखकाचा दोष नव्हे, त्या प्रकाराची ती मर्यादा आहे. बखर आपल्याला सांगते की सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली. ती जाताना एका घराच्या ओट्यावर काय घडले, हे सांगावयाला कादंबरीच लागते.

अशी कादंबरी अमेरिकेत १९२७ सालीच लिहिली गेली. अप्टन सिंक्लेअरच्या त्या पुस्तकाचे नाव नुसतेच 'ऑइल!' आहे, पुढे उद्गारचिन्ह. बॉस्टन शहरात त्यावर अश्लीलतेचा ठपका आला, तेव्हा ह्या बहाद्दराने आक्षेपार्ह पानांवर अंजिराचे पान छापून वेगळी आवृत्ती काढली आणि ती स्वतः रस्त्यावर उभे राहून विकली! पण पुस्तकाचे खरे बळ तसल्या पानांत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका टेकडीवर तेल असल्याची बातमी लागते, आणि तेथले शेजारी एकत्र बसून कंपनीला जमीन पट्ट्याने द्यावयाची बोलणी करू लागतात. कोणाचा तुकडा मोठा, कोणाचा लहान. वाटा तुकड्याप्रमाणे की घराप्रमाणे? बघता बघता सभेची रणभूमी होते. बांधावरून भावाभावांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या पाहिलेल्या खानदेशी वाचकाला हे प्रकरण परके वाटतच नाही. पुढे तेलवाला रॉस आपल्या मुलाला घेऊन लाव्यांच्या शिकारीचे निमित्त करतो आणि एका भाविक, गरीब कुटुंबाची माळजमीन विकत घेतो. खाली तेल आहे हे मनात ठेवतो, तोंडाने बोलत नाही. रॉस दुष्ट नाही. मुलावर जीव टाकणारा, कामाला वाघ असा माणूस आहे. आणि म्हणूनच ती फसवणूक मनाला बोचते.

कादंबरीचा उत्तरार्ध मात्र ढासळतो. पात्रे बोलेनाशी होतात आणि लेखक बोलू लागतो. ज्या मराठी वाचकाने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' ह्या वादात फडके-खांडेकरांच्या बाजूंनी वर्षानुवर्षे तलवारी परजलेल्या ऐकल्या, त्याला हा रोग पाहताच ओळखू येईल. सिंक्लेअरला कंपनीचे पाप दाखवावयाचे होते. ते त्याने टेकडीवरच्या सभेत दाखवले होतेच. मग पुन्हा व्याख्यानाची गरज नव्हती.

ह्याहून थोर कृती अरबीत झाली. अब्दुर्रहमान मुनीफ ह्यांच्या 'मिठाची शहरे' ह्या पाच खंडांच्या कादंबरीचा पहिला खंड १९८४ साली निघाला आणि १९८७ मध्ये पीटर थेरो ह्यांनी तो इंग्रजीत आणला. मुनीफ हे नुसते कादंबरीकार नव्हते; तेलाच्या अर्थशास्त्रातले पंडित होते, बेलग्रेडला त्यांनी त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली होती, आणि ह्या धंद्यात कामही केले होते. सौदी अरेबियाने १९६३ साली त्यांचे नागरिकत्व काढून घेतले, आणि पुढे ही कादंबरी तेथे बंदीस पात्र ठरली. तेलाचे आकडे ज्याला तोंडपाठ आहेत अशा माणसाने ह्या खंडात आकड्यांचा बडेजाव कोठे केला नाही, ह्यातच त्याची प्रतिभा दिसते.

कथा आहे वाळवंटातल्या एका ओलाव्याची. वादी अल-उयून नावाचे झऱ्यांचे आणि खजुरीचे गाव. तेथे काही परदेशी पाहुणे येतात. म्हणतात, पाणी शोधतो आहोत. मितेब अल-हधाल नावाच्या एका मानी माणसाला पहिल्या दिवसापासून संशय येतो. पण अमीर समजूत घालतो की हे लोक आपल्या भल्यासाठीच आले आहेत. मग एके दिवशी अवजड यंत्रे येतात आणि झाडे मुळासकट उपटू लागतात. मितेब ते पाहतो, रडतो, आणि उंटावर बसून नाहीसा होतो. पुढे लोक त्याची वाट पाहत राहतात; तो माणूस न राहता आख्यायिका होतो. ज्यांना उठवले ते समुद्रकाठच्या हर्रान गावी मजूर म्हणून जातात. तेथे दोन वस्त्या उभ्या राहतात : एक कंपनीच्या गोऱ्या लोकांची, दुसरी अरबांची. आणि ह्या सगळ्यात सर्वांत कडवट गोष्ट कोणती म्हणाल, तर मितेबचाच मुलगा कंपनीच्या कामावर जावयास उतावीळ असतो. बाप झाडासाठी रडतो, मुलाला पगार हवा आहे. लेखक दोघांपैकी कोणालाही खोटे पाडीत नाही.

ह्या पुस्तकातले एक प्रकरण मला सबंध अर्थशास्त्राहून मोलाचे वाटते. हर्रानच्या अमीराला कोणीतरी दुर्बीण देतो. मग तो दिवसभर त्या दुर्बिणीतून दूरवरच्या जहाजांकडे आणि परक्यांच्या वस्तीकडे पाहत बसतो. पुढे रेडिओ येतो, टेलिफोन येतो, आणि त्याची बुद्धी भ्रमत जाते. विनोदाने सुरू झालेली ही गोष्ट शेवटी भयानक होते. मला तिचा अर्थ असा लागतो : जो राजा रयतेच्या साऱ्यावर जगतो त्याला निदान साऱ्यापुरते तरी रयतेकडे पाहावे लागते, ज्याचा पैसा जमिनीतून उसळून वर येतो आणि कंपनीच्या हिशेबातून खजिन्यात पडतो, त्याला ती गरज उरत नाही. तो दुर्बिणीतून दूरचे पाहतो आणि दाराशी उभा असलेला माणूस त्याला दिसेनासा होतो. व्हेनेझुएलाचे पेरेझ अल्फोन्झो हे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या, १९६० सालच्या 'ओपेक'च्या, जनकांपैकी एक. त्यांनीच पुढे तेलाला सैतानाची विष्ठा म्हटले. उलट नॉर्वेने तेलाचा पैसा सार्वजनिक निधीत बांधून ठेवण्याचा कायदा १९९० साली केला. तेव्हा शाप तेलात नाही. तो दुर्बिणीत आहे.

अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक ह्यांना हे पुस्तक रुचले नाही. १९८८ साली लिहिताना त्यांनी तक्रार केली ती साधारण अशी की ही पाश्चात्त्यांच्या अर्थाने कादंबरीच झालेली नाही. एका व्यक्तीची कहाणी त्यात नाही, शेकोटीभोवती कोणी हकिगत सांगावी तसे ते चालते. १९९२ साली अमिताव घोष ह्यांनी ह्याच पुस्तकाच्या निमित्ताने एक मोठा प्रश्न विचारला : मसाल्याच्या व्यापारातून महाकाव्य निघाले, मग तेलाच्या व्यापारातून साहित्य का निघू नये? मला वाटते, अपडाइक ज्याला उणीव म्हणतात तेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेल एकट्या माणसावर कोसळत नाही. ते गावावर कोसळते. म्हणून गावाच्याच तोंडून ते सांगितले पाहिजे. आणि ही पद्धत आपल्याला परकी कोठे आहे? पारावर एकाने सुरुवात करावी, दुसऱ्याने दुरुस्ती करावी, तिसऱ्याने 'तसे नव्हे, मी स्वतः पाहिले आहे' म्हणून उठावे, हीच आपली कथनाची रीत. ज्या घाटाला न्यूयॉर्कात नाक मुरडले गेले तो घाट आपल्या ओट्यावर तयार पडलेला आहे.

मग उणे कशाचे आहे? विषयाचे तर खासच नाही. वाळू रगडून तेल काढण्याची अशक्य गोष्टही प्रयत्नाने साधेल, हे भर्तृहरीचे वचन वामन पंडितांनी मराठीत आणले. १९७४ साली 'सागर सम्राट' ह्या जहाजाने मुंबईच्या समुद्रात तळाखालच्या चुनखडकातून ते खरे करून दाखवले. १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल निघू लागले. त्याच सुमारास एसो, बर्मा-शेल आणि कॅलटेक्स ह्या परदेशी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या पाट्या बदलून हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम झाल्या. पुढे चक्र उलटे फिरले. १९९४ साली पन्ना, मुक्ता आणि तापी ही क्षेत्रे पंचवीस वर्षांच्या कराराने दिली गेली. चाळीस टक्के आपल्या तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाकडे, तीस रिलायन्सकडे, तीस एन्रॉनकडे. २००२ मध्ये एन्रॉनचा वाटा ब्रिटिश गॅसने घेतला, आणि २०१६ मध्ये ती कंपनीच शेलने घेतली. म्हणजे १९७६ साली दारातून गेलेले शेल चाळीस वर्षांनी तापीच्या खिडकीतून परत आले! दरम्यान खर्चाचा हिशेब आणि सरकारचा वाटा ह्यांवरून प्रकरण लवादाकडे गेले. २०१९ च्या डिसेंबरात करार संपला. एवढे नाट्य आमच्या नदीच्या नावाने घडले आणि त्यावर मराठीत एक ओवी नाही.

नाट्याबरोबर रक्तही आहे. मुंबईहून नळाने येणारे इंधन मनमाडजवळ पानेवाडीला साठवले जाते. २५ जानेवारी २०११ रोजी तेथल्याच परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलाची भेसळ पकडावयास गेले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. रेशनवरचे स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल ह्यांच्या भावांतल्या फरकावर जी काळी बाजारपेठ पोसली गेली होती, तिने हा बळी घेतला. वृत्तपत्रांनी आपले काम केले, न्यायालयांत खटला गेला. पण तो फरक कोणी ठेवला, कोणाच्या सोयीने टिकला, आणि रात्री टँकरमधून पिंपात तेल उतरवून घेणाऱ्या पोराच्या घरी चूल कशी पेटत होती, हे दाखविणारे पुस्तक लिहिले गेले पाहिजे.

आणि आता कादंबरीतली कंपनीच मराठी उंबरठ्यावर येऊन गेली आहे. मुनीफ कंपनीचे नाव घेत नाहीत. पण हर्रान म्हणजे धाहरान आणि कंपनी म्हणजे आराम्को हे वाचक ओळखतो. हीच आराम्को, आता सौदी सरकारच्या मालकीची झालेली, २०१८ साली अबुधाबीच्या कंपनीसह राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदार व्हावयास पुढे आली. वर्षाला सहा कोटी टनांचा तो बेत होता. विरोध झाला, २०१९ मध्ये भूसंपादन रद्द झाले. मग जवळच्या बारसूचे नाव निघाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्तात तेथे मातीची तपासणी झाली आणि बायाबापड्या सड्यावर आडव्या पडल्या. त्या बारसूच्या कातळावर प्राचीन माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणच्या कातळशिल्पांत त्यांचेही नाव लागले. जेथे माणसाने दगडावर लिहिले तेथे लेखकाने कागदावर लिहू नये, हे कसे?

मी प्रकल्पाची वकिली करीत नाही की विरोधाची. ते काम सभांचे आहे. साहित्याचे काम वेगळे आहे. आंब्याच्या कलमाखाली बसलेला बाप आणि मुंबईच्या चाळीतून परत येऊन गावातच नोकरी मागणारा मुलगा, हे दोघेही एकाच वेळी खरे आहेत, आणि दोघांच्याही मधून कंपनीची मोजणीची दोरी जाते. सभेत ह्यातला एकच खरा ठरवावा लागतो. कादंबरीत दोघांनाही बोलू द्यावे लागते. मितेब आणि त्याचा मुलगा आपल्याकडे कोकणात आहेत, पानेवाडीत आहेत, आखातात नोकरीला गेलेल्याच्या घरी आहेत.

बखर आपल्याला मिळाली, ती वाचनीय मिळाली, ह्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु जो समाज आपल्या संपत्तीची केवळ बखर वाचतो आणि कादंबरी लिहीत नाही, त्याला आपले काय गेले हे उशिरा कळते. 'तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले' ही म्हण अशाच समाजाने रचली असावी. धुपाटणे हाती येण्यापूर्वी कोणा तरुण लेखकाने ह्या तेलात वात भिजवावी. उजेड पडेल तो कंपन्यांच्या कचेऱ्यांपेक्षा आपल्याच अंगणात अधिक पडेल, आणि आपल्याला तो तेथेच हवा आहे.